आधी चालू, मग रंग

येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एवढ्यावरून आम्ही गल्लीतली पोरं तावातावानं भांडायचो की हिला सिलिंडरही दोनच असणार. पण अडीचशे सीसीचा टू-स्ट्रोक सिलिंडर एकच होता, धूर बाहेर पडायला त्याला वाटा दोन होत्या. आबांची गाडी गारगोटीच्या वेशीवर आली की आवाजावरूनच आई चहाचं आधण ठेवायची.

आबा पशुधन पर्यवेक्षक होते. भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. रात्री कुणाची म्हैस अडली की माणूस दारात यायचा, त्याला मागे बसवून आबा निघायचे. सहा व्होल्टचा तो दिवा पावसाळ्यात रस्त्यापेक्षा धुकंच जास्त उजळायचा. तरी पहाटे ते परत यायचे, चिखलानं माखलेले आणि बहुतेक वेळा समाधानी. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्यात. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली घेतला की गिअर. ते जमलं त्या दिवशी आबांनी मला पहिल्यांदा किल्ली दिली.

चेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली. १९७३ पासून तिला येझदी हे नाव मिळालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला आणि हळूहळू सुटे भाग मिळणं अवघड झालं. आबांचे गुडघे धरले, किक मारवेना. गाडी गोठ्यात गेली, तिच्यावर वैरणीचे भारे चढले. आबा गेल्यावर भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला. तेव्हा मी ती टेम्पोत घातली आणि कोल्हापूरला मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी हयातभर जावा-येझदीच उघडल्या आहेत. टाकीवरचा पोचा पाहून त्यांनी गाडी ओळखली.

“डॉक्टरांची गाडी न्हवं ही?” म्हणाले. मी रंगाचं, क्रोमचं विचारू लागलो तर हात वर करून थांबवलं. “आधी चालू करूया. मग रंगाचं बघू.”

पिस्टन जाम झाला होता. मिस्त्रींनी किकला पायसुद्धा लावू दिला नाही, जोर केला तर रिंग तुटून सिलिंडर ओरखडतो. प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि गाडी तशीच ठेवून दिली. ते झिरपून गंज सैल व्हायला दिवस लागतात, त्याला इलाज नाही. कार्ब्युरेटर उघडला तर आतलं पेट्रोल आटून काकवीसारखं झालेलं. जेटच्या बारीक भोकांतून ते काढताना मिस्त्रींनी तार वापरली नाही, भोक मोठं झालं तर पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून घेतला, मोठ्या मापाचा पिस्टन बसवला.

मला वाटलं, झालं. पण मिस्त्रींनी क्रँकची दोन्ही ऑइल सीलं काढून माझ्या तळहातावर ठेवली. दाबली तर तुकडे पडले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर सिलिंडरमध्ये चढतं. सील सुकलं की तिथून नको ती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन पुन्हा धरतो. चेनच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. कितीतरी जुन्या गाड्या आरशासारख्या चमकतात आणि चढावर बंद पडतात, ते अशानंच. मिस्त्रींचा क्रम बरोबर होता, हे मला त्या चुऱ्याकडे बघताना पटलं.

पॉइंट साफ झाले, कंडेन्सर बदलला, टाकीत बारीक खडी घालून गंज खळखळून काढला. बोअर नवीन म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्तच घातलं. इंजिन लागलं तेव्हा शेजारच्या गॅरेजातली पोरं काम टाकून आली. मिस्त्री मात्र डोळे मिटून नुसते ऐकत राहिले, मग स्क्रू पाव फेरा फिरवला.

आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालं. एमएच-०९ येण्याआधीची तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट कायम आहे. रंग मी दिलाच नाही. लसीचा डबा घासून मागच्या मडगार्डवर जिथं पत्रा उघडा पडला आहे, तिथं फक्त गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवतो. ती झीज आबांच्या नोकरीची आहे. तिच्यावर रंग चढवायचा अधिकार मला आहे, असं वाटत नाही.

ही इंजिनं कानानं ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली या कामाला फारशी पोरं उरलेली नाहीत. तुमच्या गोठ्यात, जिन्याखाली अशी गाडी पडून असेल तर रंगाचा विचार मागाहून करा. आधी तुमच्या गावचा मिस्त्री शोधा आणि तो इंजिन उघडेल तेव्हा शेजारी बसून बघा.