फडके गुरुजी

आमच्या घरात आई, मी, चिंगी आणि फडके. फडके हे आडनाव नव्हे, फरशी पुसायचं फडकं. पण चिंगी आल्यापासून दिवसातून इतक्यांदा त्याचा धावा होतो, की आई आदरार्थीच बोलू लागली. “अरे, फडके कुठे गेले? पाठव लवकर, हिने पुन्हा तळं केलंय!”

फडके मूळचे घरंदाज. आमच्या अण्णांच्या धोतराचा तुकडा. धुऊन धुऊन असे मऊ झालेत, की पाणी नुसतं दिसलं तरी पिऊन टाकतात. एका कोपऱ्यावर अण्णांच्या तपकिरीचा डाग अजून शाबूत. मुक्काम बाल्कनीच्या गजावर. दाराआड विकतचा मॉप ऐटीत उभा असतो, पण तो बाहेर निघेतो फडक्यांचं काम उरकलेलं असतं.

चिंगी गावठी कुत्री, आली तेव्हा दोन महिन्यांची. लसी पुऱ्या होईतो खाली रस्त्यावर नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा. फार तर तितके तास ते दम धरतं, असा ढोबळ हिशोब. म्हणजे हिचे तीन, तेही झोपेत. एरवी उठली की, खाल्लं की, खेळून दमली की जमीन हुंगत एक गिरकी घ्यायची आणि बसायची.

पहिले पंधरा दिवस फडके हॉलभर धावत होते. फिनेलने घराचा दवाखाना झाला, तरी चिंगी नेमकी सोफ्याजवळच्या त्याच फरशीवर. आई ओरडायची. त्यातून चिंगी एवढंच शिकली, की आईसमोर करायचं नाही, सोफ्यामागे करायचं.

एका संध्याकाळी खरा गुन्हेगार सापडला. एका जागचं टिपून फडके तसेच सगळ्या हॉलवरून फिरत होते, मोझॅकच्या फटीफटींत वास भरत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. फिनेलने फसलं ते आमचं नाक. तिच्यासाठी फडके घरभर पाट्या लावत होते: इथे बसा, इथेही बसा.

मग फडक्यांची बदली झाली. हॉलमधलं कागदाने टिपायचं आणि वर एन्झाइमचं क्लीनर. फडके मात्र एकदा शू टिपून, न धुता, बाल्कनीतल्या ट्रेमध्ये अंथरले. आईने नाकाला पदर लावला. चिंगी जागी झाली की मी तिला उचलून तिथे ठेवायचो. हुंगणं, गिरकी, बैठक; आणि उठताक्षणी शाबासकीसह चण्याएवढं पनीर. तेही तिथल्या तिथे. घरात येऊन दिलं तर तिला वाटणार, बक्षीस घरात आल्याचं. ओरडून आम्हाला जमलं नाही ते फडक्यांनी चकार शब्द न काढता शिकवलं. तेव्हापासून ते फडके गुरुजी.

आता चिंगी सात महिन्यांची आहे, सकाळ-संध्याकाळ खाली जाते. गुरुजी स्वच्छ धुऊन सेवानिवृत्त, गजावर कडकडीत वाळलेले. परवा मात्र पाऊस कोसळत होता. चिंगीने शेवटच्या पायरीवरून एक पंजा ओल्यात टाकला, झटकला आणि तडक वर आली. रिकाम्या ट्रेपाशी उभी राहिली आणि मान वर करून गजाकडे बघू लागली.

आईने चिमटा काढला. “चला गुरुजी, जादा तास आहे.”