आमचा सलामीचा फलंदाज

ज्याला कसलाच नाद नाही तो मनुष्य सुखी, असे म्हणतात. मला नाद आहे तो आमच्या गावच्या कॉलेजच्या क्रिकेट संघाचा. आणि गेल्या हंगामात या संघाच्या सलामीच्या फलंदाजाने माझे सुख पार धुळीला मिळवले!

गडी मोठा ऐटबाज. पॅड बांधून मैदानात उतरतो तेव्हा वाटते, आज हा शंभर काढणार. क्षेत्ररक्षकांवर एकदा राजासारखी नजर फिरवतो, आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूला, जो नुसता सोडून दिला असता तर मुकाट्याने यष्टिरक्षकाच्या हातात गेला असता, त्यालाच नेमकी बॅट लावून परत येतो. कडुनिंबाखाली बसलेली आम्ही मंडळी कपाळाला हात लावतो. त्या रात्री मला जेवण गोड लागत नाही. "अहो, पण तो तुमचा लागतो तरी कोण?" असे आमची ही विचारते.

प्रश्न बिनतोड आहे. शेजारच्या तालुक्याचा फलंदाज शून्यावर गेला तर मी टाळ्या पिटतो. राग यायला माणूस आपला वाटावा लागतो. त्या पोराने मात्र आम्हां प्रेक्षकांकडून काही उसने घेतलेले नसते. आशा आम्हीच आपण होऊन त्याच्या नावावर जमा करतो आणि मग वसुलीला बसतो!

शिवाय फलंदाजाचे काम मोठे निर्दय. गोलंदाजाला चौकार बसला तरी पुढचा चेंडू त्याच्या हाती असतो. झेल सोडणाऱ्याकडे दुसरा झेल येतो. फलंदाजाने मात्र एकदा चुकावे आणि दिवसभर तंबूत बसून ते आठवावे. सूर हरवलेल्या फलंदाजाचे पाय मग उशिरा हलतात आणि कान सीमारेषेकडे लागतात. फळ्यापुढे अडखळलेल्या मुलाचेही मी हेच पाहतो. सारा वर्ग टक लावून बसला की येत असलेले गणितही त्याला सुटत नाही.

मोठमोठेही यातून सुटलेले नाहीत. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर, इंग्लंडविरुद्ध, सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत १ धाव काढून बाद झाला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांतील काहींनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या डावात भारत १०० धावांत आटोपला. त्यांत सर्वांत जास्त, ३४ धावा, त्याच्याच होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच मैदानावर तो शेवटची कसोटी खेळून निघाला, तेव्हा लोक रडत होते. त्या रडणाऱ्यांत २००६ सालचे हुर्योवालेही काही असतीलच!

दिवाळीची सुटी संपली की आमचे सामने पुन्हा सुरू होतील. कप्तान याच पठ्ठ्याला पुन्हा पहिल्या क्रमांकावर धाडणार, असे ऐकतो. हे कळल्यापासून कप्तानाच्या अकलेवर आमची दोन दिवस चर्चा झाली. पण सामन्याच्या दिवशी लवकर निघायला हवे. नवाच्या आत पोचले नाही तर कडुनिंबाखालची सावलीची जागा जाते.