दोनशे ऐंशी रुपये

१९८८ साली सोलापूर सोडलं तेव्हा आक्काच्या खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे माझ्याकडं थकले होते. महिन्याला १४० प्रमाणे २८०. भोसरीत नोकरी लागली, पहिल्या पगाराला मनीऑर्डर करतो म्हणालो आणि केली नाही. दुसऱ्या पगारालाही नाही. पुढं पुढं तर आठवण आली की मीच दुसऱ्या विषयाकडं वळायचो. आणि मी कोण, तर हिशेबनीस. साखर पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात दोन वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या, चार आण्यांचा फरक लागला नाही तर रात्री नऊपर्यंत बसायचो.

आक्काची खानावळ म्हणजे तिच्याच घरातली पुढची खोली. आम्ही आठ-नऊ पोरं भिंतीला टेकून बसायचो. ताटात ज्वारीची भाकरी, बहुतेक दिवस कडक. चुका नाहीतर पालक डाळीत घोटून केलेला गरगट्टा, एक आड एक दिवस मटकी किंवा हुलगे. डावीकडं चटणीचा ढीग. आक्का त्या ढिगात बोटानं खळगा करायची आणि त्यात करडईचं घाण्याचं तेल ओतायची, एकच चमचा. दुसरा मागितला की म्हणायची, “तेल काय तुझ्या सासऱ्यानं धाडलंय व्हय रं?”

चटणी कधी शेंगदाण्याची, पण जास्त वेळा जवसाची, कारण जवस स्वस्त. शनिवारी दुपारी ती चटणी करायची. लोखंडी तव्यावर मंद आचेवर जवस टाकले की थोड्याच वेळात ते तडतडून तव्याबाहेर उड्या मारायला लागत. मग ती वर ताट झाकायची आणि कान देऊन बसायची. तडतड थांबत आली की तवा खाली. गार झालेले जवस, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ उखळात घालून कांडायची. जवसाला तेल सुटून ते मुसळाला चिकटायला लागले की झाली चटणी. आठ दिवसांपुरतीच करायची. जास्त कर म्हटलं तर “खवट हुती” एवढंच उत्तर.

मला ते ताट अजिबात आवडायचं नाही. पगार झाला की मी चौकातल्या हॉटेलात डालड्यात तळलेल्या पुऱ्या खायचो आणि त्यावर सिगारेट. एकदा ताटावर बसल्या बसल्या बोललोच, “आक्का, रोज जवस काय? आमच्या गावाकडं याची पेंड गुरांना घालतात.” सगळी पोरं हसली. आक्कानं भाकरी थापता थापता मान वर केली. “गुरं मरत्यात व्हय रं त्यानं? खा गप.”

२०१३ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात चढताना छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडं हे लवकरच येतं. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी निघाला, बाकीच्यांचा ५९च्या आसपास. सिगारेट त्या दिवसापासून बंद. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. त्यावर पहिलंच नाव फ्लॅक्स सीड. बायकोनं मॉलमधून पाकीट आणलं, कात्रीनं कापलं, आणि मी वासावरूनच ओळखलं. बायको किंमत वाचत होती. मला शनिवारची दुपार दिसत होती.

आठवडाभर रोज दोन चमचे जवस पाण्याबरोबर गिळले. पुढच्या खेपेला बाई हसल्या. अख्खे गिळलेत तर जसेच्या तसे बाहेर जातील, म्हणाल्या. साल टणक असतं, कुटल्याशिवाय आतलं अंगी लागत नाही. त्याच्या तेलात निम्मं तरी ओमेगा-३ जातीचं असतं, आणि तेच हवा लागून लवकर खवट होतं, म्हणून थोडंच कुटायचं. मी मान हलवत राहिलो. मटकी-हुलग्यांचंही त्यांनी समजावलं. त्यांतला विरघळणारा चोथा आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं. हे मला लगेच कळलं. एका खात्यात तूट आली की दुसऱ्यातून उचल.

आक्काला यातलं काही माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. तिला दहा माणसांचं पोट स्वस्तात भरायचं होतं. करडईच्या तेलाचं कौतुकही मी जपूनच करतो. सिडनीत १९६६ ते ७३मध्ये हृदयरोग झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला होता. लोणी-चरबीऐवजी ज्यांना भरपूर करडई तेल दिलं, त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले. तो हिशेब नीट बाहेर आला २०१३ साली. आक्काचा एक चमचा बरा होता, तेल महाग होतं म्हणून का असेना. आणि तिचं मीठ! चटणीत, सांडग्या मिरचीत, पापडात. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, असं माझ्या कागदावर होतं. तेवढं तिच्या एका ताटात जात असावं.

माझ्यावर तिचं खरं देणं आहे ते जिभेचं. माझ्याबरोबर ज्यांना स्टेंट बसले, ते दोघे-तिघे ज्वारी आणि कडधान्यं औषधासारखी खातात, तोंड वाकडं करून, आणि सणावाराला सोडतात. मला काही सोसावं लागलं नाही. दोन वर्षं नावं ठेवत खाल्लेलं ताट जिभेनं जपून ठेवलं होतं.

२०१४च्या दिवाळीनंतर सोलापूरला गेलो. आक्का लेकाकडं होती, पाय सुजलेले, उशाशी रक्तदाबाच्या गोळ्या. नाव सांगितलं, ओळख पटेना. पेंडीचं सांगितलं तशी हसली. “त्यो व्हय तू!” पाकिटात २८० ठेवले होते, वर व्याजाचे म्हणून काही हजार. तिनं ते न उघडता उशीखाली सारलं आणि सुनेला ताट करायला सांगितलं.

दोघांना ताटं आली. भाकरी, गरगट्टा, जवसाची चटणी. तिच्या ताटातली अळणी. एक घास खाऊन तिनं ताट बाजूला सरकवलं. माझ्या ताटाशेजारी मिठाचं डबडं होतं.

“ते पैशे ऱ्हाऊ दे,” ती हळूच म्हणाली. “चिमूटभर दे.”

मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. सून पाठमोरी होती.