आजोबांचा आवाज

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्यात, उरलेल्या माझ्या.

तर झालं असं. आजोबा जाऊन दीड वर्ष झालं. ते असताना गावच्या घरी ओट्यावर बसून मी मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, अकरा मिनिटं. विहीर कशी खणली, बाबा शाळेतून कसे पळून यायचे वगैरे. गेल्या महिन्यात बाबांचा फोन, "अगं, फार बारीक ऐकू येतंय. तू इंजिनिअरिंग करतेस ना, जरा आवाज वाढवून दे."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम! ऑडॅसिटीत फाईल उघडली, नॉर्मलाइज केलं... काहीच फरक नाही. लेव्हल आधीच वर टेकलेली. कानाला कुजबूज आणि मीटर म्हणतोय भांडं भरलंय!

कोडं सोडवलं रूममेटच्या स्पीकर्सनी. ज्यांच्या वूफरमुळे रेक्टर मॅडम दोनदा वर आल्या होत्या, तेच. त्यावर लावलं तर भुम्म, भुम्म... वारा! ओट्यावरचा वारा थेट माईकवर आपटत होता. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नाही. शिवाय आपला कानही खालच्या फ्रिक्वेन्सीला जरा बहिराच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय : ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या हळू सुराइतका मोठा वाटायला कितीतरी जास्त दाब लागतो. म्हणजे एस.टी.त रुमाल टाकून जागा अडवतात तशी सगळी जागा वाऱ्याने अडवलेली, आणि आजोबा बिचारे उभे!

मग हाय-पास फिल्टर. व्हायव्हासाठी पाठ केलेला तोच. उत्साहाच्या भरात कटऑफ ३०० हर्ट्झला ठेवला. वारा गायब, शब्द खणखणीत. पण ते आजोबा नव्हतेच, कोणीतरी फोनवरून बोलत होतं. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० पासूनच सुरू व्हायचा, ते तेव्हा आठवलं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या बराच खाली असतो. वरच्या हार्मोनिक्सवरून मेंदू तो जुळवून घेतो खरा, पण छातीतला खर्ज गेला होता. खोकला तर दुसऱ्याच कोणाचा!

एकेक पायरी खाली उतरत गेले. २००, १५०, १००. शेवटी ८० वर थांबले. वारा थोडा उरला, पण आता आवाज तिपटीने वाढवता आला, म्हणजे साधारण १० डेसिबल. कानाला ते दुपटीच्या आसपास वाटतं. रात्री दोन वाजता आजोबा खोलीत मोठ्याने म्हणाले, "बाळ, ऐकतेस ना?" आणि रूममेट दचकून उठून बसली.

फाईल बाबांना पाठवली. संध्याकाळी फोन आला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "छान झालंय गं. पण त्या दिवशी ओट्यावर वारा होता ना? तो कुठे गेला?"

मूळ फाईल मी ठेवली आहे. दिवाळीला घरी जाताना रूममेटचे स्पीकर्स मागून नेणार आहे.