माउलीचा शोध

महाड-पोलादपूरकडच्या वर्गांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता शिकवताना आमच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो : जलप्रलय धाडणारा देव आणि टिळकांचा आईसारखा ख्रिस्त, यांचा मेळ कसा घालावा? विद्यार्थी बहुधा वारकरी घरांतले. 'माउली' हा शब्द टिळकांनी आमच्याकडूनच उसना नेला, असे त्यांना वाटते.

बायबल हा एका काळी, एका हाताने लिहिलेला ग्रंथ नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव बागेत फिरतो. आमोसाला तो न्याय मागणारा दिसतो. होशेयाला, लेकराला चालायला शिकवणारा. बाबेलच्या बंदिवासानंतरच्या, यशयाच्या शेवटच्या अध्यायात तो आईप्रमाणे सांत्वन करतो. येशू त्याला 'अब्बा' म्हणतो. योहानाचे पहिले पत्र देव म्हणजेच प्रीती असे सांगते. नवे रूप येते, तरी जुने पुसले जात नाही.

गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ही कथा ओवीत आणली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत.

शब्द वारीतला, हे खरे. पण आई यशयातही होतीच. संतवाणीवर पोसलेल्या कानाला ती आधी ऐकू आली, एवढेच. श्रद्धेचा निवाडा आम्ही वर्गात करीत नाही. यशयाचा सहासष्टावा अध्याय आणि टिळकांचा अभंग शेजारी ठेवून वाचा, इतकेच सांगतो.