वहिवाट

वकिलीच्या व्यवसायात मराठीतील जे शब्द आमच्या नित्य परिचयाचे झाले, त्यांत ‘वहिवाट’ हा शब्द आम्हांस विशेष प्रिय आहे. जमीन कोणाच्या नावे आहे हे कागद सांगतो. ती कोणाच्या वहिवाटीत आहे हे गाव सांगते. शब्दातच वाट आहे. आणि तरीही ज्यांचे अवघे आयुष्य वाटेवर जाते, त्यांच्या पदरात कायद्याने वहिवाट म्हणून फारच थोडे घातले आहे.

बेळगाव-चिकोडीकडील वाचकांस धनगरांचे वाडे नवे नाहीत. दसरा-दिवाळी उलटली, की आटपाडी, जत, अथणी अशा अवर्षणी मुलखातून मेंढ्यांचे कळप बाहेर पडतात. घोड्याच्या पाठीवर संसार : भांडी, अंथरुणे, जाळी, कोंबड्या, पायांत बळ न आलेली कोकरे, आणि कधी त्यांच्याच शेजारी बांधलेले पोर. एकत्र चालणाऱ्या अशा काही कुटुंबांना मिळून ‘वाडा’ म्हणतात. आम्हां स्थायिकांचा वाडा जोत्यावर उभा असतो, त्यांचा चालतो. कित्येक वाडे सह्याद्री उतरून कोकणातल्या भातखाचरांपर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडाशी माघारी वळतात, कारण दख्खनी मेंढीला तिकडचा पाऊस सोसत नाही, खूर कुजतात.

ह्या प्रवासामागे एक चोख व्यवहार होता. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढ्या बसवून घेई. रात्रभरात लेंडी-मुताचे खत जमिनीत पडे. बदल्यात धनगराला धान्य मिळे, पुढे पैसेही मिळू लागले. कराराचा कागद नव्हता, परंतु साक्षीला देव होते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो आणि भाकणूक होते. पाऊसपाणी, पीक, रोगराई ह्यांविषयीचे ते बोल ऐकण्यास धनगराइतकाच शेतकरीही कान टवकारून उभा असतो. एकाच देवापुढे उभे राहिलेल्या दोघांत बोलणे मोडणे सोपे नसते.

मग कालवे आले, विहिरींवर पंप बसले, ऊस आला. एका पिकानंतर मोकळे पडणारे रान मोकळे राहिनासे झाले. खत गोणीतून येऊ लागले. लोकरीला भाव नाही, घोंगडे पांघरणारे उरले नाहीत, म्हणून कळपात मांसासाठी माडग्याळी मेंढी वाढू लागली. जंगलखात्याने नवी लागवड केली, की तेवढे रान चराईस बंद होते.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध धनगर आमच्या कचेरीत आले. मेंढ्या उसात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात गेल्या होत्या; दंड भरून त्यांनी त्या सोडविल्या होत्या. त्यांचे मागणे निराळेच होते : आजापासून चालत आलेल्या वाटेचा ‘कागुद’ करून मिळेल का? आम्ही रीतीप्रमाणे ठावठिकाणा विचारला.

“गाव हाय की साहेब. चार म्हयनं तिथंच असतूय. बाकीचं आठ म्हयनं कुठलं गाव लिवतासा?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कायद्यात शोधू लागलो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराने वाटेचा हक्क मिळतो खरा. परंतु तो माणसाला नव्हे, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. गायरानाचे म्हणाल, तर मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने मोफत चराई त्या त्या गावच्याच गुरांपुरती ठेवली, आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेनेही ती रेषा पुसली नाही. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा. त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक फिरस्त्या जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. तो १९५२ साली गेला. फिरणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सरकारी सवय मात्र इतकी चिवट, की तुरुंगांच्या नियमावल्यांतील तसले उल्लेख दूर करण्यास सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ चा निर्णय यावा लागला.

एक कायदा मात्र वेगळा निघाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्थायिक तसेच फिरत्या चराईचा, भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. ते कलम मराठीत समजावून सांगताना आम्हांस खराखुरा आनंद झाला. अडचण पुढे होती. बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा हवा. आणि दावा ग्रामसभेपुढे मांडायचा. ज्यांची वाट पाचपन्नास गावांतून जाते आणि वाटेवरच्या एकाही ग्रामसभेत ज्यांना मत नाही, त्यांनी कोणाकडे जावे? नियमांत सोय आहे : पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील अशा वेळी करावी, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुराव्यात धरावेत. आमच्या मते सारा दावा ह्या दुसऱ्या सोयीवर उभा राहतो. धनगराची वाट सिद्ध करू शकेल तो शेतकरीच.

म्हाताऱ्यांनी बोटांवर नावे मोजली. बहुतेक वारले होते. मुले पुण्या-मुंबईस होती. चंदगड बाजूच्या जंगलालगतच्या एका गावी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ तेवढे भेटले. ओसरीवर बसून त्यांनी जबाब दिला : आपल्या बापाच्या काळापासून हा वाडा दरसाल ह्याच रानातून येतो, अमुक ओढ्यावर दोन रात्री थांबतो, मग आपल्या शेतात बसतो. आम्ही लिहून घेतले. त्यांनी चष्मा पुसून सावकाश सही केली, आणि मग आम्हांस वगळून धनगरांकडे वळून विचारले, “औंदा कवा येणार? मागची दोन एकरं पोरांस्नी उसाला दिली न्हाईत अजून.”