पणजीचं पाणी, मडगावचं पाणी

आमच्या कचेरीत मडगावहून रोज येणारी मंडळी आहेत. दुपारच्या चहाला एक वाद ठरलेला: पाणी कुणाचं चांगलं? मडगावकर म्हणतात, पणजीच्या पाण्याला पावसात मातीचा वास येतो. पणजीकर म्हणतात, तुमचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही.

यातलं ‘जड’ काही खरं नव्हे. शाळेत आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकलो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी पाणी दुष्फेन होतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हा जडपणा चांगला, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. घाटावर बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. आपल्याकडे जांभ्यातला चुना पावसाने केव्हाच धुऊन नेला, मागे उरलं लोखंड नि अ‍ॅल्युमिनियम. त्यामुळे दोन्ही शहरांचं नळाचं पाणी मऊच.

फरक आहे तो पाणी येतं कुठून यात. पणजीला ते येतं ओपाहून, खांडेपारच्या वाहत्या नदीतून. पाऊस लागला की नदी लाल, मग तुरटीवर आणि गाळण्यांवर सगळी भिस्त. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली, तेव्हा बाहेर धो धो पाऊस आणि पणजीचे नळ कित्येक दिवस कोरडे.

मडगावचं पाणी साळावली धरणाचं. साठलेल्या पाण्यात माती खाली बसते. पण तळाशी प्राणवायू कमी पडला की गाळातलं लोह, मँगनीज पाण्यात विरघळतं. चव आणि रंग बदलतो तो त्याने.

त्याच तळाशी कुर्डी आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ आणि घरांचे चौथरे उघडे पडतात. वाडे, वालकिणीला नेऊन वसवलेली माणसं तिथे देवाला येतात. पाऊस आला की गाव परत पाण्याखाली.

पाण्याला नावं ठेवताना हे गावही हिशेबात धरायला हवं. लोकांची शेतं, घरं बुडवून आलेल्या पाण्याची चव आपण चहाबरोबर चघळतो. दात घासताना नळ बंद ठेवणं मात्र ना पणजीकराला जमतं, ना मडगावकराला.